चौपाटीवरचं विमान

शिवकर बापूजी तळपदे यांचं नाव निघालं, की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, १८९५ साली, त्यांनी मुंबईच्या चौपाटीवर विमान उडवलं असं एक तट छातीठोकपणे सांगतो. दुसरा नुसता हसतो. मला दोन्ही पटत नाही.

त्या वेळी ब्रिटनमध्ये काय चाललं होतं? पाया घातला होता जॉर्ज केली यांनी. पंख फडफडवून माणूस उडणार नाही, वजन तोलायला स्थिर पंख हवेत आणि पुढे ढकलायला वेगळं यंत्र, हे त्यांनी १८०९-१० मध्येच लिहून ठेवलं. आमच्या केळशीला वाळूच्या टेकाडावर समुद्रगरुड पाहिला, की यातलं अर्धं तरी न शिकवता कळतं. वारा टेकाडाला अडून वर चढतो आणि हा पठ्ठ्या पंख न हलवता त्यावर तरंगत राहतो.

१८९४ मध्ये हायरम मॅक्सिम यांनी केंट परगण्यात साडेतीन टनांचं वाफेचं यंत्र रुळांवरून सोडलं. ते फार वर जाऊ नये म्हणून लावलेला कठडा मोडून त्यानं उचल खाल्ली. पुढच्याच वर्षी, म्हणजे तळपद्यांच्याच १८९५ मध्ये, पर्सी पिल्चर या तरुणानं स्कॉटलंडमध्ये 'वटवाघूळ' नावाचं ग्लायडर उडवलं. चार वर्षांनी त्याचं इंजिनाचं विमान तयार होतं, पण प्रात्यक्षिकाआधी इंजिनाचा दांडा मोडला. जमलेले लोक निराश होऊ नयेत म्हणून त्यानं पावसाळी हवेत 'ससाणा' हे जुनं ग्लायडर काढलं. शेपूट मोडली, तो कोसळला आणि दोन दिवसांनी गेला. वय अवघं बत्तीस.

ही अपयशं आपल्याला ठाऊक आहेत, कारण त्यांची टिपणं आणि छायाचित्रं उरली. तळपद्यांच्या 'मरुत्सखा'च्या उड्डाणाचा खात्रीचा समकालीन पुरावा आजवर पुढे आलेला नाही. 'वैमानिकशास्त्रा'चा दाखला तर देऊच नये. तो ग्रंथ विसाव्या शतकातला आणि त्यातली विमानं उडू न शकणारी, असं बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच अभ्यासकांनी १९७४ मध्येच दाखवलं. पण चिराबाजारातला एक माणूस त्या काळात या नादाला लागला, यालाच मी मोठं मानतो. उड्डाणाच्या हट्टापायी आपण त्याचे प्रयोगच विसरलो.

पिल्चरचा 'ससाणा' दुरुस्त होऊन स्कॉटलंडच्या राष्ट्रीय संग्रहात आहे. तळपद्यांवर आपण २०१५ मध्ये हिंदी चित्रपट काढला. त्यात विमान झकास उडतं.