साल्वादोर : बिरुदाचे नाव कसे झाले?

आपल्या समाजात परंपरेने चालत आलेली नावे बहुतांशी संतांची आहेत. काही नावांच्या मुळाशी गाव असते. झेवियर हे मुळात नवार प्रांतातील एका गढीचे नाव. काहींच्या मुळाशी सण असतो; पास्कोल म्हणजे पास्काच्या सणाचा. परंतु बिरुदावरून पडलेली नावे फार थोडी, आणि त्यांतले साल्वादोर हे नाव सर्वांत धाडसी म्हणावे लागेल. गोव्यात आणि वसईच्या पट्ट्यात मागील पिढ्यांना हे नाव परिचित होते. अलीकडे स्नानसंस्काराच्या वेळी ते क्वचितच ऐकू येते. पोर्तुगीज आणि स्पॅनिश भाषांत त्याचा अर्थ सरळ ‘तारणारा’ असा आहे. जे बिरुद आपण एकट्या येशू ख्रिस्ताचे मानतो, ते एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा कोळ्याच्या मुलाला देण्यास ख्रिस्तसभेने मोकळीक कशी दिली, या प्रश्नाचा मागोवा आम्ही येथे घेणार आहोत.

या बिरुदाचा इतिहास ख्रिस्तजन्माच्या आधीपासून सुरू होतो. ग्रीक भाषेत तारणाऱ्याला ‘सोतेर’ म्हणत आणि हा शब्द राजे आपल्या नावापुढे मिरवीत. इजिप्तचा पहिला टॉलेमी सोतेर म्हणवला गेला. सिरियाचा पहिला अँटिओकसही सोतेर झाला. आपल्या भारतातही हे बिरुद येऊन पोहोचले होते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात वायव्य भारतात राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, जो बौद्ध ग्रंथांत मिलिंद म्हणून ओळखला जातो, त्याच्या नाण्यांच्या एका बाजूस ग्रीक लिपीत ‘सोतेर’ आहे आणि दुसऱ्या बाजूस खरोष्ठी लिपीत ‘त्रातार’. आपण आजही मराठीत वापरतो तो ‘त्राता’ हा शब्द याच कुळातला.

हे बिरुद किती स्वस्त झाले होते, याची साक्ष रोमन वक्ता सिसेरो देतो. सिसिली बेटाला लुबाडणाऱ्या व्हेरेस या सुभेदाराविरुद्ध इसवी सनापूर्वी ७० मध्ये खटला चालला. सिराक्यूज नगरातील एका लेखात याच व्हेरेसला ‘सोतेर’ म्हटलेले सिसेरोच्या पाहण्यात आले होते. हा शब्द एवढा मोठा आहे की लॅटिनमध्ये तो एका शब्दात सांगता येत नाही, असे त्याने उपहासाने नमूद केले. पुढे इसवी सनापूर्वी ९ मध्ये आशिया मायनरमधील प्रिएने येथील शिलालेखात सम्राट ऑगस्टसलाही तारणारा म्हणून गौरविण्यात आले.

ही पार्श्वभूमी ध्यानात घेतली म्हणजे संत लूकच्या शुभवर्तमानातील नाताळच्या रात्रीचा निरोप किती धीट होता ते कळते. ऑगस्टसच्या शिरगणतीचा उल्लेख करून, त्याच अध्यायात देवदूत मेंढपाळांना सांगतो की तारणारा जन्मला आहे. आणि तो राजवाड्यात नसून गव्हाणीत आहे. राजांनी स्वतःला लावून घेतलेले बिरुद तेथे एका निराधार बालकाला मिळाले. येशू या नावाचा हिब्रू अर्थच मुळी ‘परमेश्वर तारतो’ असा आहे, आणि संत मत्तयने योसेफाच्या स्वप्नाच्या प्रसंगी तो अर्थ उलगडून दाखवला आहे.

सिसेरोला जो शब्द सापडला नाही, तो ख्रिस्ती लोकांनी लॅटिनला दिला. संत ऑगस्टीन आपल्या एका प्रवचनात म्हणतात की ‘साल्वातोर’ हा शब्द पूर्वी लॅटिन नव्हता. तारणारा लॅटिन लोकांकडे आला आणि त्यानेच तो लॅटिन केला. हा शब्द किती शुद्ध लॅटिन आहे हे व्याकरणकारांनी विचारू नये, तो किती खरा आहे हे ख्रिस्ती लोकांनी पाहावे, असाही त्यांचा अभिप्राय आहे. याच शब्दापासून इटालियन भाषेत साल्वातोरे आणि स्पॅनिश-पोर्तुगीजमध्ये साल्वादोर झाले.

बिरुदाला माणसाचे नाव म्हणून स्वीकारण्याचा प्रघातही जुना आहे. दुसऱ्या शतकात, सुमारे इ. स. १६६ ते १७५ या काळात, रोमच्या पीठावर सोतेर नावाचेच पोप होते. करिंथचे बिशप दिओनिसियस यांच्या पत्राचा एक भाग इतिहासकार युसेबियसने जपून ठेवला आहे. खाणींत शिक्षा भोगणाऱ्या श्रद्धावंतांना आणि गरीब ख्रिस्तसभांना मदत पाठविण्याची रोमची जुनी रीत या पोपमहाशयांनी चालू ठेवली व वाढविली, असे त्यात म्हटले आहे. व्हेरेसही सोतेर आणि हेही सोतेर. एकाने प्रांत लुटला, दुसऱ्याने दान पाठविले.

पुढे तारणाऱ्याच्या नावाने मंदिरे उभी राहिली. रोमचे लातेरान महामंदिर, ज्याचा अर्पणदिन आपण ९ नोव्हेंबरला पाळतो, ते प्रथम परमपवित्र तारणाऱ्यालाच अर्पण केलेले आहे. स्पेनमधील ओव्हिएदोचे कॅथेड्रलही सान साल्वादोरचे. जेथे अशी मंदिरे व सण रुजले, तेथे मुलांना ते नाव मिळणे स्वाभाविक होते. दक्षिण इटलीत, विशेषतः सिसिलीत, साल्वातोरे हे घरोघरचे नाव झाले.

मग हेच नाव जहाजांवर चढले. १२ ऑक्टोबर १४९२ रोजी कोलंबसने ज्या बेटावर पाय ठेवला त्याला त्याने सान साल्वादोर म्हटले. १५४९ मध्ये ब्राझीलमध्ये पोर्तुगीजांनी साल्वादोर नगर वसविले. त्याच बंदरात पुढे आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांची विक्री झाली, हेही आपण विसरता कामा नये. नाव तारणाऱ्याचे ठेवले म्हणून काम तारणाऱ्याचे होत नाही. गोव्यात बार्देशात एका गावाचेच नाव साल्वादोर दो मुंदो, म्हणजे जगाचा तारणारा, असे आहे. साष्टीतील लोटलीचे चर्चही त्याच नावाचे. आणि मराठी वाचकाला सर्वांत जवळचा दुवा म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’. १६१६ साली रायतूर येथे छापलेल्या या मराठी महाकाव्याचे मूळ शीर्षक पोर्तुगीजमध्ये होते, आणि आपला साल्वादोर येशू ख्रिस्त याच्या जगातील आगमनाविषयीचे विवेचन, असा त्याचा आशय होता.

या नावाचा खरा अर्थ मात्र आम्हांस एका आचाऱ्याच्या चरित्रात सापडतो. संत साल्वादोर द ओर्ता यांचा जन्म १५२० मध्ये कातालोनियातील सांता कोलोमा दे फार्नेर्स येथे झाला. लहानपणीच आईवडील गेले. बार्सिलोनात चांभारकी करून त्यांनी पोट भरले आणि १५४१ मध्ये ते फ्रान्सिस्कन संघात सामान्य बंधू म्हणून दाखल झाले. स्वयंपाक करणे, दार राखणे आणि भिक्षा मागणे ही त्यांची कामे. ते क्रुसाची खूण करून आजाऱ्यांसाठी प्रार्थना करीत आणि अनेकांना गुण येई. ओर्ताच्या मठापुढे हजारोंची रीघ लागली. मठाची शांतता भंगली म्हणून वरिष्ठ नाराज झाले. चरित्रकार सांगतात की त्यांना दूषणे देऊन, यापुढे तुझे नाव अल्फोन्सो, अशी आज्ञा करण्यात आली आणि मध्यरात्री रेउसच्या मठाकडे धाडण्यात आले. तारणाऱ्याचे नाव काढून घेतले तरी त्या बंधूने तक्रार केली नाही. नव्या मठातही स्वयंपाकघरच वाट्याला आले, आणि लोक तेथेही शोधीत आले. १८ मार्च १५६७ रोजी सार्डिनियातील काल्यारी येथे त्यांचे निधन झाले. १९३८ मध्ये पोप पायस अकरावे यांनी त्यांना संत म्हणून घोषित केले.

बिरुदाच्या नावाचा प्रश्न आमच्या काळातही उभा राहिला. अमेरिकेतील टेनेसी राज्यात ऑगस्ट २०१३ मध्ये एका न्यायाधिकारी बाईंनी ‘मसीहा’ नावाच्या बाळाचे नाव बदलून मार्टिन ठेवण्याचा हुकूम दिला. हे बिरुद केवळ एकानेच मिळविले आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच महिन्यात वरच्या न्यायालयाने तो हुकूम रद्द केला. धर्मश्रद्धेच्या आधारे सरकारने नाव बदलू नये, हे योग्यच. परंतु आईबापांनी काय विचार करावा, हा प्रश्न त्याने सुटत नाही. १९८३ च्या धर्मसंहितेतील ८५५ वे कलम पालक, धर्ममातापिता आणि धर्मगुरू या तिघांवर एवढीच जबाबदारी टाकते की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव दिले जाऊ नये. येथे बंदी नाही. विवेकावर विश्वास आहे.

त्या विवेकाने पाहता साल्वादोर हे नाव आम्हांस विसंगत वाटत नाही. चित्रकार साल्वादोर दाली आपले नाव आपल्या थोरवीची खूण म्हणून मिरवीत. ओर्ताच्या बंधूने ते कर्जासारखे वागविले. मूल हे नाव धारण करते ते आपण कोणाचे आहोत हे सांगण्यासाठी. एल साल्वादोर या देशाचेही तसेच. तारणाऱ्याचे नाव लावणाऱ्या त्या भूमीत गरिबांची बाजू घेणारे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांना २४ मार्च १९८० रोजी वेदीपाशीच गोळी घालण्यात आली. १४ ऑक्टोबर २०१८ रोजी पोप फ्रान्सिस यांनी त्यांना संतपद दिले. देशाच्या नावाचे कर्ज त्यांनी आपल्या रक्ताने फेडले.

आज आपल्या घरांत नावे निवडताना उच्चाराची गोडी आणि नावीन्य पाहिले जाते. त्यात वावगे काही नाही. तथापि ज्या घरांत आजोबा-पणजोबांचे नाव साल्वादोर होते, त्यांनी ते केवळ जुनाट म्हणून टाकून देऊ नये. ६ ऑगस्टला, प्रभूच्या रूपांतराच्या सणी, एल साल्वादोरचे लोक तारणाऱ्याचा उत्सव साजरा करतात. त्या दिवशी आपणही घरातील मुलांना या नावाचा अर्थ सांगावा, आणि पूर्वजांपैकी कोणी ते नाव लावून गेले असेल तर त्यांच्यासाठी एक प्रार्थना म्हणावी.