रविवारची रात्र आणि लक्ष्मीबाईंचं मंगळसूत्र



आमच्या वरच्या मजल्यावर कॉलेजच्या तीन मुली कॉट बेसिसवर राहतात. परवा रविवारी सूर्यास्तापूर्वी आमची जेवणं उरकली, मी ओटा पुसत होते, तेवढ्यात त्यांतली एक पाण्याची बाटली भरायला आली. "जेवलीस का गं?" म्हटलं, तर म्हणाली, "काकू, रविवारी रात्री मेस बंद असते. बिस्किटं आहेत." मग हळूहळू कळलं, महिनाअखेरीला ती इतर दिवशीही एकाच वेळचा डबा घेते. आधी भाडं, मग जेवण.

ही उपासमार जुनीच आहे. शंभर वर्षांपूर्वी पुण्यात शिकायला आलेला गरीब मुलगा वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. कुणी माधुकरी मागायचा. पण ही सोय बहुतेक ब्राह्मण घरांतली आणि ब्राह्मण मुलांसाठी. शेतकऱ्याच्या किंवा दलिताच्या मुलाला शहरात ना वार मिळायचा, ना खोली. शाळेचं दार उघडलं तरी पंगतीचं बंदच.

कोल्हापुरात राजर्षी शाहू महाराजांनी ही अडचण नेमकी ओळखली. १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं. त्यांच्या आश्रयानं जैन, लिंगायत, मुस्लिम, अस्पृश्य मानलेल्या समाजांची वसतिगृहंही उभी राहिली. मात्र प्रत्येक समाजाची चूल वेगळी होती.

त्यातल्याच जैन बोर्डिंगमध्ये कुंभोजचे भाऊराव पाटील शिकायला होते. तिथले नियम न मानल्यामुळे त्यांना बाहेर पडावं लागलं. पुढे १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ मध्ये साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं. तिथे सगळ्या जातींची मुलं, एकच चूल, एकच पंगत. १९२७ मध्ये गांधीजींनीही या वसतिगृहाला भेट दिली.

आपण नाव घेतो कर्मवीरांचं. पण त्या चुलीपुढे लक्ष्मीबाई होत्या. सोवळ्या-ओवळ्यात वाढलेली जैन घरातली बाई. सोवळं बाजूला ठेवून सगळ्या मुलांसाठी भाकरी थापायला बसणं काय असेल, हे आपल्याला सांगायला नको. अंगावरचे दागिने एकेक करून मुलांच्या धान्यासाठी गेले. एकदा घरात दाणा नव्हता, तेव्हा त्यांनी मंगळसूत्रही काढून दिलं. १९३० मध्ये त्या गेल्या.

१९४७ मध्ये साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज निघालं, ते 'कमवा आणि शिका' या तत्त्वावर. मुलं शेतात, बांधकामावर राबायची आणि त्या कष्टावर जेवून-राहून पदवी घ्यायची. यात मला मोठी गोष्ट दिसते ती ही, की जेवणाच्या बदल्यात कुणापुढे मान खाली घालावी लागत नव्हती. आज अनेक विद्यापीठांत ही योजना आहे. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या मुलांसाठी स्वाधार योजना आहे. म्हणजे आजही जागा पुरत नाहीत, हे सरकारलाही मान्य आहे.

समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात आहार, औषध, उपकरण आणि आवास अशी चार दानं सांगितली आहेत. मी आजवर आहारदान म्हणजे मुनीमहाराजांचा आहार एवढंच धरून चालले होते. आवास हा शब्द तर वाचून पुढे जायचे. लक्ष्मीबाईंनी तो शब्द जगून दाखवला.

त्या मुलीला फुकट जेवायला संकोच वाटेल, हे मला माहीत होतं. म्हणून म्हटलं, "आमच्या धाकट्याचं गणित कच्चं आहे. रविवारी चारला येऊन तासभर शिकवशील का? मग आमच्याबरोबर दिवस मावळायच्या आत जेवूनच वर जा." ती हसली आणि म्हणाली, "काकू, पण कांदा-लसूण नसेल ना?"

"नसेल. पण पोट भरेल."