काल काय जेवलात?

काल दुपारी आपण काय जेवलात, असे मी आत्ता विचारले तर आपण हसाल. म्हणाल, इतिहास शिकवणाऱ्या माणसाला या नसत्या चौकशा कशाला? पण हसण्याआधी उत्तर देऊन पाहा. भाकऱ्या किती खाल्ल्या? दोन की अडीच? आमटी एक वाटी की दोन? वाटी केवढी? परवा रात्री काय होते? आणि गेल्या महिन्यात पालेभाजी किती वेळा झाली? तिसऱ्या प्रश्नाला आपण घुटमळाल, चौथ्याला अंदाजाने काहीतरी सांगाल आणि शेवटच्याला, माफ करा, मला जे ऐकायला आवडेल असे आपणांस वाटते तेच सांगाल.

यात आपला दोष नाही. गेली ऐंशीहून अधिक वर्षे जगभरचे आहारशास्त्रज्ञ याच घुटमळण्याशी झुंजत आले आहेत. माणूस काय खातो हे कळल्याशिवाय कोणत्या खाण्याने कोणता रोग होतो वा टळतो, हे कळत नाही. कळायचे तर त्याला विचारावे लागते आणि विचारले की उत्तर येते ते आठवणीतून. आठवणीची साक्ष कितपत धरावी, हा तर आम्हा इतिहासवाल्यांचा रोजचा धंदा. म्हणून या विषयात डोके घालण्याचे धाडस मी करतो आहे.

खरे सांगायचे तर मला या वाटेला लावले ते माझ्या आत्याने. सत्तरी ओलांडलेली, गावच्या घरात एकटीच राहणारी. मी सुटीत गेलो की विचारीत असे, "आत्या, जेवण नीट होतं ना?" "होतं की रे. दोन्ही वेळ चूल पेटते," हे तिचे ठरलेले उत्तर. चूल पेटत होती, हे अगदी खरे. पण तिच्यावर चहा होत होता आणि त्यात कालची भाकरी बुडवून आत्या दोन्ही वेळ भागवीत होती. शेजारणीने हे सांगितले तेव्हा माझे लक्ष तिच्या हातांकडे गेले. बांगड्या पार कोपराकडे सरकत होत्या. आत्या खोटे बोलली नव्हती. माझा प्रश्नच असा होता की त्याला तसेच उत्तर यावे.

आपल्याकडे इतिहासाचार्य राजवाड्यांनी बखरींविषयी हाच पेच मांडला. बखर बहुधा घटनेनंतर पुष्कळ वर्षांनी, आठवणीवर आणि ऐकीव गोष्टींवर लिहिलेली. पत्र मात्र त्याच प्रसंगीचे. म्हणून ते जुनी दप्तरे धुंडाळीत गावोगाव हिंडले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला. आहारशास्त्रातही अशा बखरी आहेत आणि पत्रेही आहेत.

अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, डोरोथी वील या बाईंनी दक्षिण कॅलिफोर्नियातील विमान कारखान्याच्या कामगारांच्या आहाराचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात गेल्या चोवीस तासांत काय खाल्ले, एवढेच विचारण्याची पद्धत होती. ही पद्धत आजही चालते. पण एका दिवसावरून माणसाचे खाणे ओळखणे म्हणजे एका दिवसाच्या पावसावरून मृग कसा गेला ते सांगणे. सणाचा दिवस सापडला तर गरीबही श्रीमंत दिसायचा. हार्वर्डच्या बर्था बर्क यांनी १९४७ साली आपल्या 'आहार-इतिहास' पद्धतीचे विवेचन केले. जाणत्या मुलाखतकाराने माणसासमोर बसायचे, त्याच्या नेहमीच्या खाण्याची सविस्तर चौकशी करायची, मग पदार्थांच्या यादीवरून ते उत्तर पडताळायचे आणि तीन दिवसांची लेखी नोंदही घ्यायची. पद्धत उत्तम, पण वेळखाऊ. हजारो माणसांपुढे इतका वेळ कोण बसणार?

तेव्हा छापील यादीचा मार्ग निघाला. अमेरिकेतील परिचारिकांचा एक प्रचंड अभ्यास १९७६ मध्ये सुरू झाला होता. त्यात १,२१,७०० परिचारिका होत्या. त्यांच्यासाठी वॉल्टर विलेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६१ पदार्थांची यादी केली. हा पदार्थ महिन्यातून किती वेळा, आठवड्यातून किती वेळा, अशा खुणा करायच्या. यादी बरोबर बोलते की नाही हे पाहण्यासाठी त्यांनी १७३ परिचारिका घेतल्या. एका वर्षाच्या अंतराने त्यांच्याकडून यादी दोनदा भरून घेतली आणि त्या वर्षात चार वेळा, एकेक आठवडाभर, खाल्लेला प्रत्येक घास लिहून घेतला. मग बखर आणि पत्रे समोरासमोर ठेवली. हा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला आणि प्रश्नावलीची परीक्षा कशी घ्यावी याचा तो वस्तुपाठच ठरला.

पण परिचारिका शिकलेल्या, कामाच्या वयाच्या, नोंदी ठेवण्याची सवय असलेल्या. ज्यांना चष्म्यावाचून अक्षर दिसत नाही, एका जागी दहा मिनिटे बसले की कंबर धरते, त्या वृद्धांचे काय?

इथे १९७६ सालच्या एका अभ्यासाची हकीकत सांगितली पाहिजे. माझ्या मते या साऱ्या इतिहासातले सर्वांत बोलके पान हेच. अमेरिकेत १९७२ च्या कायद्याने वृद्धांसाठी सामुदायिक भोजनाची सोय झाली होती. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील मॅडन, गुडमन आणि गथ्री या संशोधकांनी अशा भोजनाला येणाऱ्या वृद्धांची परीक्षा पाहिली. ताटात किती पडले आणि ताटात किती उरले, हे जेवणाऱ्यांच्या नकळत मोजून ठेवले. मग विचारले, काय काय खाल्लेत? उत्तरे आली आणि ती वजनाशी ताडली. सरासरी काढली तर ती फारशी चुकली नाही. पण एकेका माणसाचे पाहिले तेव्हा निराळेच दिसले. जे कमी जेवले होते त्यांनी जास्त सांगितले आणि जे भरपूर जेवले होते त्यांनी कमी सांगितले. दोन्ही टोके मधोमध सरकली. पुढे या दोषाला सपाट उताराचा दोष असे नाव पडले.

याचा अर्थ नीट ध्यानात घ्या. शंभर म्हाताऱ्यांची सरासरी काढणाऱ्या अधिकाऱ्याला ही पद्धत चालेल. पण त्या शंभरांत उपाशी कोण, हे शोधणाऱ्याला ती दगा देईल. कारण जो उपाशी आहे तोच आपले जेवण वाढवून सांगतो आहे. माझ्या आत्यासारखाच.

म्हणून वृद्धांसाठी वेगळ्या, आखूड आणि नेमक्या प्रश्नावल्या हव्यात, हे पटू लागले. त्यातली सर्वांत गाजलेली फ्रान्समधील तुलूझ आणि अमेरिकेतील आल्बुकर्की इथल्या कामातून तयार झाली. गिगोझ, व्हेला आणि गॅरी यांनी ती १९९४ साली मांडली. प्रश्न अठरा, गुण तीस. चोवीस वा अधिक गुण मिळाले तर पोषण ठीक, सतरापेक्षा कमी मिळाले तर कुपोषण आणि मधले सारे धोक्याच्या छायेत. तिच्यातली खुबी पाहा. "जेवण नीट होते ना?" असा प्रश्नच नाही. गेल्या तीन महिन्यांत वजन उतरले का? दिवसातून पुरी जेवणे किती? दूध-दही रोज पोटात जाते का? पाणी, चहा, सगळे मिळून पेले किती? आणि जोडीला टेप घेऊन दंडाचा नि पोटरीचा घेर मोजायचा. आठवण चुकेल, पण टेप चुकणार नाही. पोषणाचे जाणकार डॉक्टर याच वृद्धांना स्वतंत्रपणे तपासत आणि त्यांच्या निदानाशी हे गुण ताडले जात. पुढे २००१ साली तिची सहा प्रश्नांची आवृत्ती निघाली. ज्याला उभे राहता येत नाही त्याची उंची-वजने कशी घेणार? म्हणून २००९ मध्ये त्यांच्या जागी पोटरीचा घेर चालेल असे ठरले. तो ३१ सेंटिमीटरपेक्षा कमी असला की गुण शून्य. मीही पुढच्या खेपेस आत्याला विचारले, "आज भाजी कसली केली होतीस?" ती काही बोलली नाही. मला उत्तर मिळाले.

आता स्पेनकडे वळू. तिथे २००३ साली एक मोठा प्रयोग सुरू झाला. पुरुष ५५ ते ८० वयाचे, बायका ६० ते ८० वयाच्या, सारे मिळून ७,४४७. भूमध्य सागराकाठच्या जुन्या आहाराने हृदयविकार टळतो का, हे पाहायचे होते. त्यासाठी चौदा प्रश्नांची चिठ्ठी केली: ऑलिव्ह तेल किती, डाळी-कडधान्ये किती वेळा, मासे किती वेळा, वाइन किती पेले. प्रत्येक प्रश्नाला एक गुण. (आळंदीच्या वाटेवरचा माळकरी आजोबा या परीक्षेत तेलाचे दोन, माशांचा एक आणि वाइनचा एक, असे चार गुण बसल्या जागी गमावील!) ही चिठ्ठी त्यांनी १३७ पदार्थांच्या मोठ्या यादीशी ७,१४६ वृद्धांमध्ये ताडून पाहिली. निकाल २०११ मध्ये आला. सहसंबंध ०.५२. म्हणजे दोन्हींचा कल एकाच दिशेने, पण जोडीने पावले टाकणे नाही.

सहसंबंधावर भाळू नये, हे ब्लँड आणि आल्टमन या दोघा संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ सालीच बजावले होते. समजा, दोन तराजू आहेत. एक दरवेळी अर्धा किलो जास्त दाखवतो. त्यांचा सहसंबंध अगदी पुरा भरेल, पण गिऱ्हाईक मात्र बुडेल. म्हणून एकेका माणसाच्या बाबतीत दोन मापांत अंतर किती पडते, ते पाहायचे. स्पेनच्या चिठ्ठीचे हे अंतर मोठ्या यादीच्या ५७ ते १५३ टक्के इतके निघाले. मोठ्या यादीने एखाद्याला आठ गुण दिले, तर चिठ्ठी पाचाच्या आतबाहेरपासून बारांपर्यंत कुठेही बोट ठेवू शकते. हजारांचा कल पाहायला ती ठीक, पण एकट्या आजोबांना तिच्या भरवशावर उपदेश करू नये, असे माझे मत. ज्या प्रयोगासाठी ती होती त्याचा २०१३ सालचा मुख्य निबंधही २०१८ मध्ये मागे घेऊन दुरुस्तीसह पुन्हा छापावा लागला, कारण काही ठिकाणी माणसांचे गट चिठ्ठ्या टाकून नीट पाडले गेले नव्हते. दुरुस्तीनंतरही निष्कर्ष बहुतांशी टिकला. चूक उघड मान्य करणे मला आवडले.

इतिहासाचा विद्यार्थी इथे आणखी एक शंका काढील. चिठ्ठी काय आणि यादी काय, दोन्ही एकाच माणसाच्या आठवणीतून आलेल्या. दोन बखरी एकाच ऐकीव कथेवरून लिहिल्या असतील तर त्यांचे एकमत म्हणजे पुरावा नव्हे! स्पेनच्या संशोधकांनी म्हणूनच कमरेचा घेर आणि रक्तातील चरबी यांचीही साक्ष काढली, आणि ती चिठ्ठीच्या बाजूने पडली. त्याहून पक्का ताम्रपट शरीरच लिहून ठेवते. केंब्रिजच्या शीला बिंगहॅम यांनी कमिंग्ज यांच्यासह १९८५ मध्ये दाखवले की दिवसभराच्या लघवीतील नायट्रोजन मोजून खाल्लेल्या प्रथिनांचा अंदाज पडताळता येतो. दुसरी युक्ती खुणेच्या पाण्याची. हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची जड रूपे असलेले पाणी प्यायचे आणि ती शरीरातून किती वेगाने बाहेर पडतात यावरून खर्च झालेली ऊर्जा काढायची. लिफसन यांची ही कल्पना १९५५ मध्ये उंदरांवर यशस्वी झाली आणि १९८२ मध्ये माणसांपर्यंत आली. वजन स्थिर असेल तर जितके खर्चले तितके खाल्ले. या पाण्याने कळले की माणसे आपले खाणे सर्रास कमी सांगतात. मात्र हे पाणी महाग. गावोगाव पाजता येत नाही.

आपल्या देशात या कामाची सुरुवात १९१८ साली कुन्नूरला मॅककॅरिसन यांनी केली. तिथेच एक्रॉइड यांनी १९३७ मध्ये हिंदी अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांची पुस्तिका काढली. ती संस्था १९५८ मध्ये हैदराबादला गेली आणि १९६९ पासून राष्ट्रीय पोषण संस्था झाली. १९७२ मध्ये तिच्या देखरेखीखाली सुरू झालेल्या पोषण-पाहणीत महाराष्ट्रही होता. पाहणी करणारे ठरावीक मापाच्या वाट्या घेऊन घरात येत आणि स्वयंपाक करणाऱ्या बाईला विचारीत, काल किती शिजवले, कुणाला किती वाढले?

पण इथे एक गोची आहे, आणि शिक्षक मित्रहो, ती आपणच चांगली जाणता. सूनबाई दाराशी उभी असताना सासूबाई कधी "मला कमी वाढतात" म्हणतील काय? आणि सूनबाईंनी मनापासून वाढलेले, दात नाहीत म्हणून ताटात तसेच राहते, हे त्या सांगतील काय? आपल्याकडे चातुर्मासात एका वेळी जेवणारे आहेत, एकादशी धरणारे आहेत. कोकणात भात, देशावर ज्वारी, बाजरी. सोलापूरची पातळ, कडक भाकरी आणि घाटावरची जाड भाकरी, दोन्ही कागदावर 'एक' अशाच लिहिल्या जातात. उद्या एखादी आखूड प्रश्नावली घेऊन कुणी आपल्या गावी आले तर त्याला जरूर मदत करा. ती कोणत्या गावच्या म्हाताऱ्यांवर आणि कशाशी ताडून पाहिली, ते विचारा. आजीशी त्याला एकटीशी बोलू द्या. आणि त्याने लेखणी उघडण्यापूर्वी आपल्या गावची भाकरी केवढी असते, ती ताटात ठेवून त्याला दाखवा.