दोन दुर्गांमधला किनारा : टंचाई, भाऊबंदकी आणि आंग्र्यांचे आरमार

इतिहासातील पराभवांची कारणमीमांसा करताना ‘साधने अपुरी होती’ असे म्हणून थांबण्याची आपल्याला सवय आहे. हे कारण खोटे नसते. पण पुरेसेही नसते. मराठी आरमाराचा इतिहास या दृष्टीने तपासण्यासारखा आहे.

रत्नागिरीहून गणपतीपुळ्याकडे जाताना लागणारी आरे आणि वारे ही गावे आज निसर्गसौंदर्यासाठी ओळखली जातात. पण हा किनारा दक्षिणेचा रत्नदुर्ग आणि उत्तरेला शास्त्री नदीच्या मुखावरचा जयगड यांच्यामध्ये वसला आहे. हे दोन्ही दुर्ग अठराव्या शतकात आंग्र्यांकडे होते. डोंगराने आणि जांभ्या दगडाने व्यापलेल्या या पट्टीत शेतजमीन थोडी, म्हणून सारा थोडा. गुराबे आणि गलबते बाळगायची तर त्यांचा खर्च समुद्रानेच भागवायला हवा. व्यापारी जहाजांना दस्तक घ्यायला लावणे आणि न घेणाऱ्यांना पकडणे, हा आंग्र्यांच्या अर्थकारणाचा कणा होता. इंग्रजांनी त्याला चाचेगिरी म्हटले. आंग्र्यांच्या लेखी तो सार्वभौमत्वाचा हक्क होता.

ही टंचाई कान्होजींच्या काळातही होतीच. तरीही १७१८ मध्ये खांदेरीवर आलेले इंग्रज परतले आणि १७२१ मध्ये कुलाब्यावरील इंग्रज-पोर्तुगीजांची संयुक्त मोहीमही फसली. त्या वेळी कुलाब्याच्या मदतीला शाहू महाराजांचे सैन्य धावून आले होते, हे विशेष लक्षात ठेवण्याजोगे आहे.

१७२९ मध्ये कान्होजी वारले, १७३३ मध्ये सेखोजी. मग संभाजी आणि मानाजी या भावांत कलह पेटला. १७३५ मध्ये बाजीरावांनी तो वाटणी करून मिटवला : कुलाबा आणि ‘वजारतमाब’ हा किताब मानाजीला, विजयदुर्ग-सुवर्णदुर्गाकडचा मुलूख आणि ‘सरखेल’पद संभाजीला. तंटा मिटला, पण आरमार दुभंगले. मुळातच अपुऱ्या साधनांची वाटणी झाली की प्रत्येकाचा वाटा निम्म्याहून कमी भरतो. कारण शत्रूची वाटणी होत नसते. ‘भाऊबंदकी’ म्हटले की खाडिलकरांच्या नाटकामुळे आपल्याला शनिवारवाडा आठवतो. तिचा हा आधीचा अंक मात्र समुद्रावर घडला.

संभाजीनंतर आलेला तुळाजी शूर होता, पण पेशव्यांना जुमानत नव्हता. आणि नानासाहेब पेशवे कर्जाच्या ओझ्याखाली होते. त्यांच्या फौजा दूरदूरच्या स्वाऱ्यांत गुंतलेल्या, आणि तुळाजीला समुद्रावर आवरील असे आरमार त्यांच्यापाशी नव्हते. तेव्हा मार्च १७५५ मध्ये मुंबईकर इंग्रजांशी करार झाला. एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सने सुवर्णदुर्ग घेतला; पुढील काही महिन्यांत पेशव्यांच्या फौजेने जयगड व रत्नागिरीही तुळाजीकडून घेतले. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तोफांच्या माऱ्यात एका जहाजाला लागलेली आग पसरत गेली आणि आंग्र्यांचे आरमार जळाले. किल्ल्यात सापडलेली सुमारे दहा लाखांची लूट इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. मराठ्यांना वाटा द्यायचा नाही हे त्यांनी मुंबईहून निघण्यापूर्वीच ठरवले होते. तुळाजी पेशव्यांच्या कैदेत पडला, तो अखेरपर्यंत. विजयदुर्गही इंग्रजांनी लगेच सोडला नाही. ऑक्टोबर १७५६ च्या तहाने तो पेशव्यांना मिळाला, तेव्हा बदल्यात बाणकोट इंग्रजांना द्यावे लागले.

याला समांतर उदाहरण प्रबोधनकालीन इटलीत आहे. मिलानच्या लुदोव्हिको स्फोर्झाने नेपल्सच्या धास्तीने १४९४ मध्ये फ्रेंच राजाला आल्प्सपलीकडून बोलावले. १५०० मध्ये तोच फ्रेंचांचा कैदी झाला आणि १५०८ मध्ये कैदेतच मेला. परक्याच्या फौजेवर विसंबणारा हरला तर बुडतो आणि जिंकला तर तिचा बंदिवान होतो, हा मॅकियाव्हेलीचा निष्कर्ष याच अनुभवातून आला. अर्थात हे साम्य मर्यादित आहे. नानासाहेब कैदी झाले नाहीत. मराठी आरमारही पुरते संपले नाही. १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रजांचे ‘रेंजर’ जहाज याच किनाऱ्यावर पकडले. परंतु समुद्रावरचा पुढाकार परत आला नाही. आणि विजयदुर्गावरचे वॉटसन-क्लाइव्ह पुढच्याच वर्षी बंगालमध्ये प्लासीच्या विजयाचे धनी झाले.

टंचाई १७२१ मध्येही होती आणि १७५६ मध्येही. फरक एवढाच, की पहिल्या प्रसंगी जमिनीवरची फौज आरमाराच्या पाठीशी उभी होती आणि दुसऱ्या प्रसंगी त्याच्या समोर. पराभवाचे उत्तर शोधायचे ते कोठारात नव्हे, या पस्तीस वर्षांत.