उतरण्याची विद्या

विमानविद्येच्या इतिहासात विक्रमांची नोंद अंतर आणि काळ यांच्या भाषेत झाली आहे. कोण कोठून निघाले आणि किती दिवसांत कोठे पोहोचले, हे त्या नोंदींवरून कळते. वाटेवरच्या मुक्कामी विमान जमिनीला कसे टेकले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. वस्तुतः लहान विमानाच्या वैमानिकाची कसोटी लागते ती उतरताना. इंग्लंडहून ऑस्ट्रेलियापर्यंत एकटीने उड्डाण करणारी पहिली स्त्री म्हणून एमी जॉन्सन हिचे नाव १९३० साली जगभर झाले. तिच्या त्या प्रवासाकडे या दृष्टीने पाहिले, तर यशाइतकीच शिकण्याचीही एक कथा हाती लागते.

एमीचा जन्म १९०३ साली हल या बंदरात एका मासळीच्या व्यापाऱ्याच्या घरी झाला. शेफील्ड विद्यापीठात अर्थशास्त्राचे शिक्षण घेतल्यावर ती लंडनमधील वकिलांच्या कचेरीत टंकलेखिकेचे काम करू लागली. सप्टेंबर १९२८ मध्ये स्टॅग लेन येथील लंडन एरोप्लेन क्लबात तिने उड्डाणाचे पहिले धडे घेतले. एकटीने विमान उडविण्याची परवानगी मिळण्यास तिला सुमारे पावणेसोळा तास लागले. उपजत वैमानिक अशी तिची ख्याती नव्हती, आणि उतरणे हा तर तिच्या कौशल्याचा दुबळा भाग समजला जाई.

त्या काळच्या ‘मॉथ’ जातीच्या विमानास चाकांचे ब्रेक नव्हते, पंखांना वेग कमी करणाऱ्या झडपा नव्हत्या. लाकडी सांगाडा, त्यावर ताणलेले कापड, मागे शेपटीखाली एक घसरती पट्टी, एवढाच थाट. वैमानिक मागच्या बैठकीत बसे आणि विमानाचे नाक वर आले की समोरची जमीन त्याच्या दृष्टीआड होई. इंजिन मंद करून तरंगत खाली यावयाचे, जमीन हातभर उरली असता नाक हळूहळू उचलावयाचे आणि पंखांचा आधार संपण्याच्या क्षणी चाके व शेपटी एकदमच टेकवावयाची, ही त्यातली रीत. नाक लवकर उचलले तर विमान धाडकन आदळे. उशीर झाला तर चेंडूसारखे उसळे. या अंदाजाला पाठांतर उपयोगी पडत नाही. म्हणूनच शिकाऊ वैमानिक मैदानाभोवती घिरट्या घालून पुनःपुन्हा उतरत असे. चुकलेले उतरणे दहा मिनिटांनी त्याच गवतावर सुधारता येई.

५ मे १९३० रोजी एमी क्रॉयडनहून निघाली, तेव्हा ही सुधारण्याची सोय संपली. ‘जेसन’ नावाच्या त्या जिप्सी मॉथची किंमत ६०० पौंड होती. वडिलांनी आणि तेलाचे व्यापारी लॉर्ड वेकफिल्ड यांनी ती मिळून दिली होती. तोपर्यंत तिचा सर्वांत लांबचा प्रवास लंडन ते हल एवढाच झालेला होता. आता प्रत्येक मैदान नवे, वारा नवा, आणि एकदा उतरलेल्या जागी पुन्हा उतरण्याचा प्रसंग बहुधा नाहीच. बगदादच्या अलीकडे धुळीच्या वादळाने तिला वाळवंटात उतरावे लागले. तरीही सहाव्या दिवशी ती कराचीला पोहोचली. १९२८ मध्ये हाच मार्ग आक्रमिलेल्या बर्ट हिंकलरच्या ती दोन दिवस पुढे होती.

पुढची वाट बिकट ठरली. अलाहाबाद गाठण्याआधीच इंधन संपत आले आणि झाशीच्या छावणीतील कवायतीच्या मैदानावर तिने विमान उतरविले. ब्रेक नसलेले ते यान बराकींपर्यंत धावत गेले व पंख मोडला. छावणीतल्या सुताराच्या हातून तो सांधला गेला आणि दुसऱ्या दिवशी ती निघाली. रंगूनजवळ पावसाळी हवेत शर्यतीचे मैदान सापडेना, तेव्हा इन्सीन येथील तंत्रशाळेच्या खेळाच्या मैदानावर ती उतरली. विमान खंदकात गेले, पंखा तुटला, चाकांचा भाग मोडला. विक्रमाची आशा तेथेच मावळली. पुढे जावा बेटात चोमाल येथील साखर कारखान्याच्या आवारात जमिनीत रोवलेल्या बांबूंनी पंखांचे कापड फाडले. जखमेला लावावयाच्या चिकटपट्ट्यांनी ते बुजविण्यात आले. २४ मे रोजी ती डार्विनला उतरली. सुमारे ११,००० मैलांस साडेएकोणीस दिवस लागले होते. हिंकलरचा काळ साडेपंधरा दिवसांचा होता.

या जागांची यादी बोलकी आहे. लष्करी कवायतीचे मैदान, सरकारी तंत्रशाळा, डच मळ्यावरचा साखर कारखाना: साम्राज्यांनी जेथे जमीन सपाट करून ठेवली होती, तेथेच एकाकी वैमानिकाला आश्रय मिळाला. डार्विनला ती पोहोचली तो दिवसही ‘एम्पायर डे’चा होता. वृत्तपत्रांनी तिच्या धाडसाचा साम्राज्याच्या गौरवाशी मेळ घातला, हे ओघाने आलेच. पण झाशीचा सुतार आणि इन्सीनचे विद्यार्थी व शिक्षक यांच्या श्रमावाचून हे धाडस रंगूनपलीकडे गेले नसते. गौरवाच्या वृत्तांतात त्यांची नावे बहुधा नाहीत.

त्याच दिवसांत भारतीय तरुणही याच वाटेने उडत होते. आगाखान पारितोषिकासाठी इंग्लंड व भारत यांमधले अंतर एकट्याने कापण्याची स्पर्धा चालू होती. मुंबईच्या क्लबात शिकलेले जे. आर. डी. टाटा कराचीहून निघाले होते, तर सतरा वर्षांचे अस्पी इंजिनियर इंग्लंडहून येत होते. अबुकीरच्या मुक्कामी दोघांची गाठ पडली, तेव्हा टाटांनी प्रतिस्पर्ध्याला स्पार्क प्लग दिला. पारितोषिक इंजिनियर यांना मिळाले. पुढे १९६० मध्ये ते भारतीय वायुदलाचे प्रमुख झाले. मधल्या मुक्कामांना किती महत्त्व होते, हे याही प्रसंगावरून दिसते.

ब्रिस्बेनच्या ईगल फार्म मैदानावर हजारो लोकांसमोर एमीचे विमान उलटले. पुढचा दौरा तिला प्रवासी म्हणून करावा लागला, आणि तिच्या उतरण्याविषयीच्या शंकांना जणू पुरावाच मिळाला. त्या शंका निराधार नव्हत्या. पण दुसरी एक गोष्टही तितकीच खरी आहे. डिसेंबर १९२९ मध्ये भूअभियंत्याचा परवाना मिळविणारी ती पहिली ब्रिटिश स्त्री होती. आपले विमान कोठे मोडेल हे तिला सांगता आले नसते. मोडल्यावर ते कसे सांधावे, हे मात्र तिने आधीच शिकून घेतले होते. हातातील उणीव तिने दुसऱ्या विद्येने भरून काढली. निव्वळ धाडसाच्या स्तुतीत आणि निव्वळ चुकांच्या हिशेबात ही तयारी निसटून जाते.

५ जानेवारी १९४१ रोजी, युद्धकाळात विमाने पोहोचविण्याच्या कामावर असताना, टेम्सच्या मुखाशी तिचा अंत झाला. देह सापडला नाही. ‘जेसन’ लंडनच्या विज्ञान संग्रहालयात जतन करून ठेवला आहे. त्याचे कापड आज अखंड दिसते. झाशी, इन्सीन आणि चोमाल येथे त्यावर पडलेली ठिगळे मात्र इतिहासाच्या वाचकानेच ध्यानात ठेवावयाची आहेत.