मासिक पेटी आणि डबीचा तळ

दरमहा ठरावीक रक्कम घेऊन सौंदर्यप्रसाधनांचे चार-पाच लहान नमुने घरपोच पाठवायचे, हा व्यवसाय २०१० साली न्यूयॉर्कच्या ‘बर्चबॉक्स’ कंपनीने रूढ केला. हार्वर्डच्या व्यवस्थापन शाळेत एकत्र शिकलेल्या हेली बार्ना आणि कटिया बोशाँ या तिच्या संस्थापक. व्यवसाय नवा असला तरी त्यामागच्या दोन्ही कल्पना, नमुना देणे आणि दरमहा वस्तू पाठवणे, जुन्या होत्या. डेव्हिड मॅकॉनेल हा अमेरिकेत घरोघरी पुस्तके विकणारा माणूस. गिऱ्हाइकाने दार उघडावे म्हणून तो सुगंधी द्रव्याची लहानशी कुपी भेट देई. बायकांना पुस्तकापेक्षा कुपीच अधिक हवी असते हे त्याच्या ध्यानात आले आणि १८८६ मध्ये त्याने सुगंधी द्रव्यांचीच कंपनी काढली. पुढे ती ‘एव्हॉन’ या नावाने जगभर पोहोचली. तिच्या विक्रेत्या स्त्रिया पेराएवढ्या लिपस्टिकचे नमुने पिशवीत घेऊन हिंडत. दुसऱ्या महायुद्धानंतर एस्टी लॉडर यांनी मोठ्या दुकानांतून खरेदीबरोबर भेटवस्तू देण्याची पद्धत नावारूपाला आणली. दर महिन्याला निवडक वस्तू टपालाने पाठवण्याची कल्पना तर पुस्तकांच्या धंद्यातली. हॅरी शरमन यांचा ‘बुक ऑफ द मंथ क्लब’ १९२६ पासून वर्गणीदारांना पुस्तके पाठवत होता.

या जुन्या कल्पना इंटरनेटच्या काळात एकत्र आल्या, त्याला कारण होते. पुस्तक न पाहता मागवता येते, पण लिपस्टिकची छटा पडद्यावर एक दिसते आणि ओठांवर दुसरीच. फाउंडेशन त्वचेशी जुळते का, क्रीमचा वास सोसवतो का, हे वापरल्याशिवाय कळत नाही. महिना दहा डॉलरच्या पेटीने ही अडचण सोडवली. नमुने बहुधा उत्पादक कंपन्याच पुरवत, कारण त्यांना नवे गिऱ्हाईक हवे होते. नमुना आवडला तर पूर्ण आकाराची वस्तू त्याच संकेतस्थळावरून विकत घेतली जाईल, हा हिशेब होता. थोडे वापरून पाहावे, पटले तरच विकत घ्यावे, ही मूळ रीत खरोखर शहाणपणाची होती.

मग पेट्यांची लाटच आली. २०११ मध्ये बर्लिनमध्ये ‘ग्लॉसीबॉक्स’ सुरू झाली. त्याच वर्षी अमेरिकेत यूट्यूबवरून मेकअप शिकवणाऱ्या मिशेल फान यांच्या सहभागाने ‘मायग्लॅम’ निघाली आणि लवकरच तिचे नाव ‘इप्सी’ झाले. पेटी उघडतानाचे व्हिडिओ लाखो लोक पाहू लागले. भारतात विनीता सिंग आणि कौशिक मुखर्जी यांच्या मुंबईतील ‘वेलवेट’ कंपनीची ‘फॅब बॅग’ याच धर्तीची. भारतीय बायकांना कोणत्या छटा आवडतात आणि इथल्या हवेत काय टिकते, याची माहिती वर्गणीदारांकडून मिळत गेली. याच कंपनीतून ‘शुगर’ हा प्रसाधनांचा ब्रँड उभा राहिला. नमुन्याची पेटी उत्पादकाला किती शिकवू शकते, याचे हे उत्तम उदाहरण आहे.

बिघडले ते पुढे. स्पर्धेत ‘बॉक्सीचार्म’सारख्या कंपन्यांनी नमुन्यांऐवजी पूर्ण आकाराच्या वस्तू देऊ केल्या. महिन्याला पाच वस्तू म्हणजे वर्षाला साठ. चेहरा मात्र एकच. आयशॅडोची एक डबी रोज वापरली तरी कित्येक महिने पुरते, त्यामुळे कप्पे भरू लागले. वापरून पाहण्यासाठी जन्मलेली पेटी साठा करण्याचे साधन झाली.

घरातले आधी संपवण्याची चळवळ या अतिरेकावरचा उतारा म्हणून उभी राहिली. तशी वृत्ती पूर्वीही होती, पण ती टंचाईतून आलेली. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये प्रसाधनांच्या उत्पादनावर सरकारने मर्यादा घातल्या आणि धातू युद्धाकडे वळला. तेव्हा बायका लिपस्टिकचे तळाशी उरलेले तुकडे खरवडून, वितळवून पुन्हा वापरत. २०१० नंतरच्या दशकातली मोहीम भरल्या घरातली होती. इंग्रजीत तिला ‘प्रोजेक्ट पॅन’ म्हणतात. पावडर, ब्लश, आयशॅडो धातूच्या लहान वाटीत, म्हणजे ‘पॅन’मध्ये, दाबून बसवलेले असते. रोज वापरून त्या वाटीचा तळ दिसू लागणे, हे मोहिमेचे ध्येय. मोजक्या वस्तू निवडायच्या, नळीवर रेघ मारून किती उरले ते पाहायचे आणि त्या संपेपर्यंत त्या प्रकारचे नवे काही विकत घ्यायचे नाही, असा तिचा शिरस्ता.

या मोहिमेला आरोग्याचाही भक्कम आधार आहे. प्रसाधने न वापरताही खराब होतात. तेल-मेणाच्या लिपस्टिकला खवट वास येतो, ओलसर पदार्थांत जंतू वाढतात. युरोपीय संघात २००५ पासून अनेक प्रसाधनांवर उघड्या बरणीचे चिन्ह आणि महिन्यांचा आकडा छापला जातो. एकदा उघडल्यावर वस्तू किती महिने वापरावी, हे तो आकडा सांगतो. मस्कारा डोळ्यांजवळ लागतो आणि त्याची कांडी पुन्हा पुन्हा आत-बाहेर होते, म्हणून तो साधारण तीन महिन्यांत बदलावा असे सांगतात. कोरडी पावडर त्यामानाने बरीच टिकते. म्हणून आधी संपवायचे ते ओले, डोळ्यांचे आणि उघडलेले. बंद नमुना थांबू शकतो, पण त्यावरची मुदत पाहूनच.

पेटी चालू ठेवून घरातले संपवणे शक्य आहे, ते नमुन्यांच्या आकारामुळे. प्रवासात आठवडाभर पुरणारी क्रीमची नळी किंवा दोन-तीनदा लावता येईल एवढा मुखलेप सहज संपतो आणि पुढच्या खरेदीचा निर्णय पक्का करतो. पूर्ण आकाराच्या पेटीत हा गुण उरत नाही. एखाद्या महिन्याची पेटी नको असेल तर ती वगळण्याची सोय काही कंपन्या देतात. उघडलेल्या डब्या संपेपर्यंत वर्गणीदारांनी ती सोय निःसंकोच वापरावी.