चौलचा सूड दाभोळवर

पेण-रोह्याच्या माणसाला कुंडलिकेची ओळख करून द्यायला नको. रोह्यावरून वाहत ती रेवदंडा-चौलपाशी समुद्राला मिळते. मार्च १५०८ मध्ये तिच्या मुखाशी इजिप्तच्या अमीर हुसेनने आणि दीवच्या मलिक अयाझने पोर्तुगीज आरमाराला हरवले. व्हाइसरॉय अल्मेडाचा मुलगा लोरेन्सो मारला गेला. बापाने त्याच डिसेंबरअखेर सूड उगवला, तो आदिलशाहीतल्या दाभोळवर. शहर लुटले, जाळले, बायका-पोरांनाही सोडले नाही. लोरेन्सोच्या मृत्यूत दाभोळकरांचा काय हात होता? ज्यांचा होता, त्यांच्याशी गाठ पडली ती फेब्रुवारी १५०९ मध्ये, दीवला.

हीच फूटपट्टी आपल्या सुलतानांनाही लावावी लागेल. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने पोर्तुगीजांच्या चौलला वेढा घालून महिनोन्महिने तोफा डागल्या. तोफगोळ्याला सैनिक आणि बाळंतीण यांतला फरक कळत नाही. १९४५ मध्ये हिरोशिमावर पडलेल्या बॉम्बलाही कळला नाही. तोफ डागणाऱ्या आणि बॉम्ब टाकणाऱ्या माणसाला मात्र तो कळतो.

कोणते युद्ध न्याय्य होते, यावर वाद होत राहील. पण ज्याने शस्त्र उचललेच नाही, त्याला मारण्याचा हक्क कोणत्याच झेंड्याला मिळत नाही.